एक सर्व्हर, आठ जण: लायसन्स नक्की किती?

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल, पण ऑफिसात काम करणाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐका.

समजा, अलिबागला एका करसल्लागाराचं ऑफिस आहे. साहेबांनी एकच दणकट सर्व्हर घेतला. त्यावर टॅली आणि एक्सेल एकदाच टाकलं. आठ जण आपापल्या जागेवरून रिमोट डेस्कटॉपने आत शिरतात. साहेब म्हणतात, "सॉफ्टवेअर एकदाच टाकलंय ना, मग पैसे एकदाच!"

इथेच गोची आहे. मांडव्याला जाणारी बोट एकच असते, म्हणून तिकीट एकच काढतो का आपण? तसंच हे. सॉफ्टवेअर कुठे बसवलंय यापेक्षा ते कोण वापरतंय, हे मोजलं जातं.

हिशोब तीन थरांचा आहे बघा.

पहिला थर विंडोज सर्व्हरचा. त्याला साधं 'कॅल', म्हणजे क्लायंट ॲक्सेस लायसन्स लागतं, आणि रिमोट डेस्कटॉपसाठी वेगळं आरडीएस कॅल. ते माणसामागे किंवा यंत्रामागे घेता येतं. नऊ जण पाळीपाळीने सहाच कॉम्प्युटर वापरत असतील, तर यंत्रामागे सहा पुरतात. पण एकच माणूस ऑफिसचा पीसी, घरचा लॅपटॉप आणि फोन असं तिन्हीवरून येत असेल, तर माणसामागे घेतलेलं स्वस्त पडतं.

दुसरा थर ऑफिसचा, म्हणजे वर्ड-एक्सेल. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर प्रत्येकाचं स्वतःचं सबस्क्रिप्शन हवं, आणि तेही शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन चालणाऱ्या प्लॅनचं. सगळ्या प्लॅनमध्ये ते नसतं.

तिसरा थर टॅलीचा. सिल्व्हर एका वापरणाऱ्यासाठी, गोल्ड अनेकांसाठी. सर्व्हरवर टाकण्याआधी विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी "चालतंय हो" नको.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे तर लायसन्सशिवाय चालतंय! चालणारच. आरडीएससाठी १२० दिवसांची सवलत असते. ती संपली की जोडणी नाकारली जाते. आणि तो दिवस नेमका जीएसटी रिटर्नच्या २० तारखेला आला, तर? दोन जोडण्या तशाही मिळतात, पण त्या सर्व्हरच्या देखभालीसाठी, रोजच्या कामासाठी नाहीत. माणसामागच्या कॅलमध्ये तर संख्या ओलांडली तरी सर्व्हर अडवत नाही. म्हणून ते नियमात बसतं असं नाही.

मग कुणीतरी सांगतं, "साध्या विंडोज प्रोवर एक पॅच टाक, सगळे एकदम शिरतील." इथे सावध व्हा. विंडोज प्रोमध्ये एका वेळी एकच जण रिमोटने काम करू शकतो. पॅच मारून ती मर्यादा तोडणं म्हणजे कराराचा भंग.

कायदाही माहीत हवा. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीचाच दर्जा आहे. कलम ६३-ब म्हणतं, प्रोग्रामची बेकायदा प्रत माहीत असूनही वापरली, तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. क्रॅक केलेली प्रत यातच येते. "साहेबांनी सांगितलं म्हणून टाकलं" एवढ्यावर सुटका होईल, असं धरून चालू नका.

मग करायचं काय? एक कागद घ्या. माणसं किती, यंत्रं किती, कुठलं सॉफ्टवेअर आणि बिल कुठे आहे, एवढं लिहा आणि साहेबांसमोर ठेवा. आठ जणांना खरंच एक्सेल लागतं का, तेही विचारा. तिघांनाच लागत असेल, तर लायब्रेऑफिस मोफत आहे, आणि सर्व्हरवर कितीही जणांनी वापरलं तरी चालतं.

तुमच्या ऑफिसातला हिशोब जुळतोय का, आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!