ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे संगणक बंद पडतो तेव्हा : दोष कसा शोधावा

या पाठात आपण एका नेहमीच्या तक्रारीचा विचार करणार आहोत. संगणक चालू असताना पडदा क्षणभर काळा होतो आणि परत येतो, किंवा परत येतच नाही. कधी निळी पाटी दिसते आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. दुकानात नेल्यावर बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळते : 'फॉरमॅट मारावा लागेल' किंवा 'ग्राफिक्स कार्ड गेलंय'. पहिल्या उत्तरात तुमच्या फाइली जाण्याची भीती आहे, दुसऱ्यात काही हजार रुपये. दोष ड्रायव्हरमध्ये असेल तर या दोन्हींची गरज नसते. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी दोष कुठे आहे हे स्वतः ठरवता येणे महत्त्वाचे आहे.

उदाहरणासाठी असे समजा की तुम्ही दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरात किंवा नोएडात भाड्याच्या खोलीत राहता, लॅपटॉपवर अभ्यास आणि थोडे व्हिडिओ संपादन करता, आणि मे महिन्यापासून यंत्र दर दोन दिवसांनी पडू लागले आहे.

ड्रायव्हर पडला की सगळे का पडते

ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि एखादा भाग यांच्यामधला दुभाषी. तुमचा ब्राउझर किंवा वर्ड बिघडला तर तेवढा एक प्रोग्राम बंद होतो, कारण तो 'यूजर मोड'मध्ये चालतो आणि इतरांच्या स्मृतीला त्याला हात लावता येत नाही. ड्रायव्हरचा मुख्य भाग मात्र 'कर्नल मोड'मध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात चालतो. तिथे चुकीच्या जागची स्मृती वाचली गेली तर विंडोज पुढे जायला नकार देते आणि सगळेच थांबवते. निळी पाटी म्हणजे हे जाणूनबुजून केलेले थांबणे. पुढे चालू राहिल्यास तुमच्या फाइली बिघडू शकतात, म्हणून ते केलेले असते. (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये ही पाटी काळी झाली आहे. अर्थ तोच.)

याचे सगळ्यांनी पाहिलेले उदाहरण १९ जुलै २०२४ चे. त्या शुक्रवारी दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर उड्डाणांची माहिती पांढऱ्या फळ्यावर हाताने लिहिली जात होती, आणि देशात काही ठिकाणी प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरने नव्याने आलेली एक सदोष फाइल वाचली आणि गाभ्यात चूक केली. ती फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी सुटली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातली सुमारे ८५ लाख यंत्रे पडली. तो ग्राफिक्स ड्रायव्हर नव्हता, पण यंत्रणा तीच आणि उपायही त्याच जातीचा : सेफ मोडमध्ये जाणे, दोषी फाइल काढणे, यंत्र पुन्हा सुरू करणे. हार्डवेअरला काहीही झाले नव्हते.

ग्राफिक्स ड्रायव्हर या बाबतीत अधिक नाजूक आहे. तो आकाराने प्रचंड असतो, दर काही आठवड्यांनी बदलतो आणि प्रत्येक नव्या खेळाशी, ब्राउझरशी जुळवून घेतो. विंडोज एनटी ३.५१ पर्यंत चित्रे काढण्याचे बरेचसे काम गाभ्याबाहेर होत असे. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये वेगासाठी ते गाभ्यात आणले गेले. विंडोज व्हिस्टाने ड्रायव्हरचे दोन तुकडे केले : मोठा भाग बाहेर, छोटा भाग आत. पण त्या काळातले नवे ड्रायव्हर कच्चे होते. अमेरिकेतल्या एका खटल्यात उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत कागदांनुसार, २००७ मधल्या काही काळात नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी २८.८ टक्के एनव्हीडियाच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवत होते. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वाटा १७.९ टक्के होता.

दोन सेकंदांचा पहारा

व्हिस्टापासून विंडोजमध्ये एक पहारेकरी आहे. त्याला 'टीडीआर' म्हणतात. ग्राफिक्स चिपला दिलेले काम २ सेकंदांत पुढे सरकले नाही, तर विंडोज ती चिप अडकली असे धरते आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. जमले तर पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद पडते : डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, आता तो सावरला आहे. नाही जमले तर निळी पाटी येते, जिच्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' लिहिलेले असते. तिचा कोड षोडशमान पद्धतीत ११६.

पाटीवर दोषी फाइलचे नावही दिसू शकते. 'एनव्हीएलडीडीएमकेएम' म्हणजे एनव्हीडिया, 'ए', 'एम', 'डी' किंवा 'ए', 'टी', 'आय' ने सुरू होणारे नाव म्हणजे एएमडी, आणि 'आय', 'जी', 'डी' ने सुरू होणारे म्हणजे इंटेल. तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हीडिया अशा दोन चिपा असू शकतात. त्यामुळे नाव लिहून घेतल्याशिवाय कोणता ड्रायव्हर काढायचा हे कळणार नाही. मोबाइलने पाटीचा फोटो काढा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. पाटीवर ड्रायव्हरचे नाव असले म्हणजे दोष ड्रायव्हरचाच, असे नाही. चिप तापून अडकली, वीज कमी पडली किंवा कार्डावरची स्मृती खराब झाली, तरी उत्तर न आल्याची तक्रार ड्रायव्हरच्याच नावाने होते. टपाल उशिरा आले की आपण पोस्टमनला बोलतो, तसेच हे.

आधी नोंदी, मग उपाय

स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' असे टाइप करा. उघडणाऱ्या तक्त्यात तारखेनुसार लाल खुणा दिसतील, आणि त्याच तारखांना कोणते अपडेट बसले हेही दिसेल. पहिली लाल खूण आणि ड्रायव्हरचे अपडेट एकाच दिवशी किंवा लागोपाठ असतील, तर संशय घट्ट होतो. माझ्या मते विंडोजमधले हे सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित साधन आहे.

यानंतर इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिम विभागात ४१ क्रमांकाची 'कर्नल पॉवर' नोंद पाहा. ही नोंद पाहून पुष्कळ जण घाबरतात, पण ती एवढेच सांगते की यंत्र नीट बंद न होता थांबले. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' हा आकडा असतो. तो शून्य असेल तर बहुधा वीज गेली, बटण दाबून यंत्र बंद केले किंवा ते जागीच गोठले. तो २७८ असेल तर ते दशमान पद्धतीतले ११६ आहे, म्हणजे आपला टीडीआर. गुडगाव-गाझियाबादकडच्या वसाहतींत वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होतो त्या क्षणी डेस्कटॉप पडणे नवे नाही. अशा वेळी ड्रायव्हर बदलून काहीच होणार नाही. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचे बटण असेल तर ते आधी चालू करून पाहा. त्या मोडमध्ये वीज बदलण्याचा खंड कमी असतो.

आता उन्हाळ्याचे. चिपचे तापमान खोलीच्या तापमानावर चढते. जानेवारीत खोली १५ अंशांवर असताना चिप ६५ अंशांवर चालत असेल, तर त्याच कामाला ४० अंशांच्या खोलीत ती साधारण ९० ला जाईल. त्यात दिल्लीची धूळ पंख्याच्या जाळीत बसलेली असते. म्हणून 'मे महिन्यापासून' हा शब्द आला की दोन संशयित उभे राहतात : मे महिन्यात आलेला ड्रायव्हर आणि मे महिना. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर स्वतंत्र ग्राफिक्स चिपचे तापमान दिसते. तेच काम पहाटे किंवा वातानुकूलित खोलीत करून पाहा. तिथे यंत्र टिकले, तर आधी धूळ साफ करा.

जाता जाता आठवते. २९ मे २०२४ ला दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने तपासल्यावर तिथला सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे निघाले. ऊन खरेच भयंकर होते, सफदरजंगला त्या दिवशी ४६.८ नोंदले गेले, पण तो आकडा खरा नव्हता. संगणकाच्या नोंदीही दुसऱ्या मापाने ताडून घ्याव्यात त्या याचसाठी.

ड्रायव्हर की कार्ड?

इथे तीन साध्या चाचण्या पुरतात. यंत्र सुरू होताना, विंडोज येण्याआधीच, कंपनीच्या चिन्हावर किंवा बायॉसच्या पानावर रेघा, रंगीत ठिपके, चौकोन दिसतात का? दिसत असतील तर विंडोजचा ड्रायव्हर सुटला. तो अजून चालूच झालेला नाही. दोष चिप, पडदा किंवा केबलमध्ये आहे. बाहेरचा मॉनिटर जोडून पडदा वगळता येतो.

दुसरी चाचणी सेफ मोडची. तिथे विंडोज स्वतःचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर वापरते. तिथे यंत्र तासन्तास टिकले, तर संशय ड्रायव्हरकडे झुकतो, पण सिद्ध होत नाही. सेफ मोडमध्ये चिपवर जड काम पडतच नाही, मग तिचा दोष दिसणार कसा? म्हणून तिसरी चाचणी : पेन ड्राइव्हवरून उबुंटूसारखे लिनक्स चालवा आणि त्यावर मोठ्या पडद्यावर व्हिडिओ किंवा एखादा त्रिमितीय नमुना चालवा. लिनक्सचा ड्रायव्हर पूर्ण वेगळा असतो. दोन वेगळ्या ड्रायव्हरांखाली तोच बिघाड दिसला तर कार्ड किंवा वीजपुरवठाच दोषी, यात फारशी शंका राहत नाही.

प्रत्यक्ष दुरुस्ती

काहीही करण्याआधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क न सांगताच कुलूपबंद असते, आणि सेफ मोडकडे जाताना विंडोज ती की मागू शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. जुलै २०२४ मध्ये अनेक कार्यालयांत दुरुस्ती रखडली ती याच कीपायी.

पहिला उपाय मागे जाण्याचा. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अडॅप्टर, तुमची चिप, ड्रायव्हर टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर'. बटण फिकट असेल तर जुनी प्रत यंत्रात नाही. नवा ड्रायव्हर नेहमी चांगलाच असतो असे नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हीडियाला १९६.७५ ही आवृत्ती मागे घ्यावी लागली, कारण तिच्यामुळे काही कार्डांचे पंखे नीट चालत नव्हते आणि कार्डे तापत होती.

मागे जाता आले नाही तर स्वच्छ बसवणी करा. लॅपटॉप असेल तर आधी त्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून ठेवा. 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हे मोफत साधनही घ्या. मग इंटरनेट तोडा. हे विसरलात तर जुना ड्रायव्हर काढताच विंडोज अपडेट मधल्यामध्ये आपला ड्रायव्हर बसवते आणि सगळी मेहनत वाया जाते. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केले की ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज आणि शेवटी ४ दाबून सेफ मोड येतो. पडदाच येत नसेल तर सुरू होतानाच दोन-तीनदा वीज तोडा, विंडोज दुरुस्तीचे पान स्वतः उघडते. तिथे जुना ड्रायव्हर काढा, यंत्र पुन्हा सुरू करा, उतरवलेला ड्रायव्हर बसवा, मग इंटरनेट जोडा. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करा' असे सांगणाऱ्या जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका.

एका वेळी एकच बदल करा, आणि थांबा. यंत्र दर दोन दिवसांनी पडत होते, तर एक दिवस ठीक चालणे म्हणजे काहीच नाही. किमान आठवडाभर नेहमीचे काम करून पाहा, आणि रिलायबिलिटीचा तक्ता पुन्हा उघडा.

रजिस्ट्रीमध्ये 'टीडीआर डिले' वाढवून २ चे ८ किंवा १० सेकंद करा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. रेंडरिंगसारखे एकेक काम खरोखर लांब चालत असेल तर तो योग्य आहे. पण साधा ब्राउझर चालवताना चिप अडकत असेल, तर या बदलाने फक्त गोठलेल्या पडद्याकडे बघण्याचा वेळ वाढतो.

इतके करूनही यंत्र पडत राहिले, तर ओव्हरक्लॉकिंग केले असल्यास काढा, डेस्कटॉपमध्ये कार्डाची वीज-केबल नीट बसली आहे का पाहा, आणि विंडोजच्या मेमरी डायग्नोस्टिकने रॅम तपासा. रॅमच्या दोषाची खूण अशी की दर वेळी वेगळा कोड आणि वेगळ्या फाइलचे नाव येते.

यानंतर नेहरू प्लेसला जायला हरकत नाही. जाताना कागदावर एवढे लिहून न्या : पाटीवरचा कोड आणि फाइलचे नाव, पहिल्यांदा पडल्याची तारीख, तापमानाचा आकडा, बायॉसच्या पानावर रेघा दिसल्या की नाही, लिनक्सवर काय झाले, आणि कोणत्या आवृत्तीचा ड्रायव्हर बसवून पाहिला. विंडोजच्या फोल्डरमधल्या 'मिनीडम्प' फाइलीही पेन ड्राइव्हवर न्या. कारागीर फॉरमॅटपासूनच सुरुवात करू म्हणाला, तर त्याला लिनक्सवरच्या चाचणीचे काय झाले ते सांगा. लिनक्सवरही यंत्र पडले असेल तर फॉरमॅटने ते सुधारणार नाही, आणि पडले नसेल तर कार्ड बदलण्याआधी ड्रायव्हरची दुसरी एखादी आवृत्ती बसवून पाहायला सांगता येईल.