नरांची शर्यत आणि बोंडअळीचा सापळा

नागपुरात मिहानजवळ, वर्धा मार्गावर पांजरी इथे १९७६ साली स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. विदर्भातल्या कपाशीची मोठी वैरीण म्हणजे गुलाबी बोंडअळी. तिचा बंदोबस्त करताना नरांमधली चढाओढच कामी येते.

या अळीचाच पुढे पतंग होतो. मादी पतंग रात्री दोन घटकांचा गंध सोडते. तिच्यापर्यंत आधी पोहोचेल त्याची सरशी. म्हणून नराच्या मिशा या गंधाला विलक्षण संवेदनशील झाल्या आहेत. स्पर्धा मीलनानंतरही संपत नाही. नर शुक्राणूंची कुपीच मादीच्या शरीरात ठेवतो. तिने पुन्हा मीलन केले, तर दोन नरांच्या शुक्राणूंत चुरस लागते. पतंग-फुलपाखरांचे नर केंद्रक नसलेले शुक्राणूही बनवतात. त्यांनी अंडे फळत नाही. मात्र काही फुलपाखरांत ते मादीची शुक्राणू-पिशवी भरून तिचे पुढचे मीलन लांबवतात.

कामगंध सापळ्यातला कृत्रिम गंध मादीकडे आधी पोहोचण्याच्या नरांच्या घाईलाच फसवतो. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले, तर उपाययोजनेची वेळ झाली असे समजावे. हेक्टरी पाच सापळे लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा.