तेरा सेकंदांचे खापर

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघ एक असला तरी मैदानावर उतरणाऱ्या फळ्या तीन असतात, आणि अटीतटीचा सामना अखेरच्या क्षणी हातचा गेला की चाहत्यांमध्ये जो वाद पेटतो त्याचे मूळ या रचनेतच सापडते. चेंडू आपल्याकडे असताना तो पुढे नेऊन गुण मिळवणारे अकरा खेळाडू म्हणजे आक्रमणफळी. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की हे अकराही जण बाहेर येतात आणि त्यांच्या जागी केवळ अडवण्यातच तरबेज असलेले दुसरे अकरा जण, म्हणजे बचावफळी, आत जाते. आणि चेंडूला लाथ मारण्याचे जे मोजके प्रसंग येतात त्यांच्यासाठी ‘स्पेशल टीम’ नावाची तिसरी फळी राखलेली असते. कबड्डीत चढाई करून परतलेला खेळाडू लगेच पकडीच्या साखळीत उभा राहतो, त्यामुळे शेवटच्या चढाईत सामना गेला तरी संघाची पुरती फाळणी करून एका अर्ध्याला दोषी ठरवता येत नाही. इथे ती फाळणी आधीच झालेली असते; फळ्यांचे प्रशिक्षक वेगळे, सरावाच्या बैठका वेगळ्या, आकडेवारीचे तक्तेही वेगळे, त्यामुळे पराभवाचे खापर फोडायला डोकी आयती तयार असतात.

ही व्यवस्था खेळाच्या जन्मापासून नव्हती. पूर्वी बदली खेळाडू उतरवण्यावर कडक बंधने होती आणि तेच अकरा जण आक्रमणही करीत व बचावही. ‘नॅशनल फुटबॉल लीग’ म्हणजे एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेने 1950 पासून बदली खेळाडूंना कायमची मोकळीक दिली आणि त्यानंतर काही वर्षांतच दोन्ही बाजूंनी खेळणारा खेळाडू दुर्मीळ झाला. 1960 च्या अजिंक्यपदाच्या सामन्यात फिलाडेल्फिया ईगल्सचा चक बेडनारिक जवळजवळ पूर्ण वेळ दोन्ही बाजूंनी खेळला आणि ग्रीन बे पॅकर्सच्या जिम टेलरला शेवटच्या सेकंदांत जमिनीवर दाबून धरत त्याने 17-13 असा विजय राखला. तो सामना ईगल्स हरले असते, तर आक्रमणाला बोल लावायचा की बचावाला, हा प्रश्न निदान बेडनारिकपुरता तरी निरर्थक ठरला असता.

हा वाद त्याच्या सर्व पदरांसह पाहायचा असेल तर 23 जानेवारी 2022 च्या सामन्याइतके चांगले उदाहरण नाही. कॅन्सस सिटी चीफ्स आणि बफेलो बिल्स हे संघ त्या दिवशी कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड मैदानावर बाद फेरीत समोरासमोर आले होते. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला एरी सरोवराकाठी वसलेल्या बफेलो शहराला त्याआधीच्या दशकांनी अखेरच्या क्षणी हरण्याची कटू सवय लावली होती. तरीही त्या रात्रीनंतर तिथे ‘तेरा सेकंद’ एवढे दोन शब्द उच्चारले की पुढे काही सांगावे लागत नाही.

सामना समजण्यापुरते नियम थोडके आहेत. चेंडू असलेल्या संघाला दहा यार्ड, म्हणजे तीस फूट, पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाऊनचे सहा गुण, त्यानंतर चेंडू खांबांमधून लाथाडून एक किंवा पुन्हा रेषा ओलांडून दोन अधिक गुण मिळतात. आणि रेषेपर्यंत पोहोचता आले नाही तर दुरूनच खांबांमधून लाथाडलेल्या चेंडूला, म्हणजे फील्ड गोलला, तीन.

घड्याळात दोन मिनिटे उरली तेव्हा कॅन्सस सिटी 26-21 असे पुढे होते. बफेलोच्या आक्रमणाने सुमारे सात मिनिटे चाललेल्या चढाईच्या शेवटी, चौथ्या आणि अखेरच्या प्रयत्नात तेरा यार्डांची गरज असताना, 27 यार्डांचा पास टाकून टचडाऊन केला आणि दोन अधिक गुणांसह 29-26 अशी आघाडी घेतली. तेव्हा 1 मिनिट 54 सेकंद उरले होते. बरोबर 52 सेकंदांनी कॅन्सस सिटीच्या टायरीक हिलने 64 यार्डांचा टचडाऊन केला: 33-29. पुन्हा 49 सेकंदांत बफेलोचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा आक्रमणाचा सूत्रधार, जॉश ॲलन याने गेब्रियल डेव्हिसला त्या सामन्यातला चौथा टचडाऊन मिळवून दिला, जो एनएफएलच्या बाद फेऱ्यांतला विक्रम होता: 36-33. उरले तेरा सेकंद, आणि कॅन्सस सिटीला बरोबरीसाठी फक्त एक फील्ड गोल पुरेसा होता.

त्या तेरा सेकंदांचा तपशील असा. बफेलोच्या स्पेशल टीमने लाथाडलेला चेंडू सरळ अंतिम रेषेपलीकडे गेला आणि कुणीही तो पळवत बाहेर आणला नाही. याला टचबॅक म्हणतात, आणि त्यात घड्याळ हलतच नाही. कॅन्सस सिटीने आपल्या 25 यार्डांच्या रेषेवरून सुरुवात केली. पहिला पास हिलला, 19 यार्ड, पाच सेकंद. लगेच टाइम-आउट. दुसरा पास ट्रॅव्हिस केल्सीला, 25 यार्ड, पुन्हा पाच सेकंद, पुन्हा टाइम-आउट. उरलेल्या तीन सेकंदांत हॅरिसन बटकरने 49 यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला आणि 36-36 अशी बरोबरी झाली. जादा वेळेची नाणेफेक कॅन्सस सिटीने जिंकली, त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सने 75 यार्डांची वाटचाल करून केल्सीला टचडाऊन दिला आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे सामना तिथेच संपला, 42-36. बफेलोच्या आक्रमणाला जादा वेळेत चेंडूला हातही लावता आला नाही.

बचावाला दोष देणाऱ्यांची बाजू उघड आहे. ॲलनने 329 यार्डांचे पास टाकले, चार टचडाऊन केले, संघाला 36 गुण मिळाले आणि शेवटच्या दोन मिनिटांत आक्रमणाने दोनदा आघाडी मिळवून दिली. आक्रमणाकडून याहून अधिक काय मागायचे? बोचरी गोष्ट अशी की 2021 च्या साखळी सामन्यांत सर्वांत कमी गुण आणि सर्वांत कमी यार्ड देणारी बचावफळी बफेलोचीच होती. तिचा प्रमुख कोपऱ्यातला रक्षक ट्रेडेव्हियस व्हाइट नोव्हेंबरमध्येच गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला होता हे खरे. पण शेवटच्या दोन पासांत जे दिसले ते एका खेळाडूच्या उणिवेने समजण्याजोगे नव्हते. रक्षकांना खूप मागे उभे करण्यात आले होते, जणू भीती फक्त लांबच्या टचडाऊनची होती. कॅन्सस सिटीकडे टाइम-आउट शिल्लक असल्याने त्यांना घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू घेऊन मैदानाच्या कडेबाहेर जाण्याची गरज नव्हती आणि मधला पट्टा त्यांना पूर्ण मोकळा होता. फील्ड गोलच्या टप्प्यात येण्यासाठी हवे होते चाळीसेक यार्ड, आणि नेमके तेच बफेलोने देऊ केले. प्रतिस्पर्ध्याला काय हवे आहे हे मोजण्यात झालेली ही चूक होती.

आक्रमणाला दोष देणारे संख्येने थोडे, पण त्यांचे म्हणणे निकालात काढण्याजोगे नाही. 26-21 या स्थितीपर्यंत सामना गेलाच का, असे ते विचारतात. तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात बफेलोच्या आक्रमणाचे काही डाव निष्फळ गेले आणि चेंडू लाथाडून परत द्यावा लागला. त्यातल्या एका लाथेवर हिलने 45 यार्ड धाव घेऊन चेंडू बफेलोच्या अंतिम रेषेजवळ नेला, तेव्हा आज दूषणे खाणाऱ्या त्याच बचावफळीने चीफ्सना टचडाऊनऐवजी तीन गुणांवर अडवले होते. याउलट आक्रमणाने तेरा सेकंद ‘शिल्लक ठेवले’ हा आरोप मात्र टिकत नाही. चार गुणांनी मागे असलेल्या संघाला टचडाऊन मिळत असताना तो घड्याळासाठी लांबवणे म्हणजे हातातोंडाशी आलेला घास परत ताटात ठेवणे होय.

दोन्ही गटांच्या भांडणात तिसरी फळी मात्र सहीसलामत सुटते. किकऑफचा चेंडू उंच व लांब न मारता जमिनीलगत टप्पे खात जाईल असा मारला असता, तर कुणीतरी तो उचलून पळाला असता; तो चेंडूला मैदानात हात लावतो त्या क्षणी घड्याळ सुरू होते, आणि तीन-चार सेकंद जरी गेले असते तरी दोन पास आणि एक फील्ड गोल हे गणित बसले नसते. यात लाथ मारणाऱ्याचा दोष किती आणि तशी लाथ मारायला सांगणाऱ्याचा किती, हे बाहेरच्यांना ठरवता येत नाही. मुख्य प्रशिक्षक शॉन मॅकडर्मट यांनी नंतर ‘अंमलबजावणीत कमी पडलो’ या आशयापलीकडे जाणे टाळले. पण फळ्यांच्या भाषेत बोलण्याची सवय जडलेल्या चाहत्याला मैदानाच्या कडेला उभा असलेला निर्णयकर्ता दिसत नाही. त्या रात्रीचा सर्वांत मोठा दोष तिथे होता, असे म्हणायला भरपूर जागा आहे. लोकमताने मात्र न्याय आपल्या पद्धतीने केला: आक्रमणाचे सूत्रधार प्रशिक्षक ब्रायन डेबोल जानेवारी संपण्याआधीच न्यूयॉर्क जायंट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि बचावाच्या वाट्याला प्रश्नच राहिले.

या वादाला आकड्यांनी मिटवण्याचा प्रयत्न जुना आहे. सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर आणि संशोधक रॉबर्ट मॅकॉल यांनी 1971 मध्ये मैदानाच्या कोणत्या भागात चेंडू असताना सरासरी किती गुणांची अपेक्षा ठेवता येते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजची ‘अपेक्षित गुण’ आणि ‘विजयाची शक्यता’ ही मापे त्याच वाटेने आली आहेत. ती मापे लावली तर बफेलोच्या तिसऱ्या आघाडीनंतर त्यांच्या विजयाची शक्यता नव्वद टक्क्यांहून वर होती. पण अशी मापे शेवटच्या प्रसंगांवर जवळजवळ सगळा भार टाकतात, कारण उरलेला वेळ जितका थोडा तितका प्रत्येक यार्ड महाग. पहिल्या सत्रात वाया गेलेल्या यार्डाची किंमत नगण्य दिसते. त्याच सामन्यात चीफ्सच्या बटकरने एक अधिक गुणाची लाथ आणि 50 यार्डांचा एक फील्ड गोल चुकवला होता. ते चार गुण मिळाले असते तर ‘तेरा सेकंद’ हा शब्दप्रयोगच जन्माला आला नसता, आणि कॅन्सस सिटी हरले असते तर चर्चा फक्त त्याच लाथांची झाली असती.

आक्रमण आणि बचाव यांचे तक्ते वेगळे असले तरी घड्याळ एकच असते, याचा धडा बफेलोने त्याआधी एकतीस वर्षे घेतलेला होता. 27 जानेवारी 1991 रोजी टॅम्पा येथे झालेल्या पंचविसाव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात, बफेलोचा क्वार्टरबॅक जिम केलीच्या झपाट्याच्या आक्रमणासमोर न्यूयॉर्क जायंट्सनी आपल्या आक्रमणालाच बचावाचे काम दिले: सावकाश, छोट्या धावांनी पुढे सरकत त्यांनी साठपैकी 40 मिनिटे 33 सेकंद चेंडू स्वतःकडे ठेवला. उरलेल्या वेळात बफेलोने 19 गुण केले, जायंट्सचे 20 झाले, आणि शेवटी बफेलोच्या स्कॉट नॉरवुडचा 47 यार्डांचा फील्ड गोल उजवीकडून बाहेर गेला. बफेलोचे आक्रमण मंदावले की बचाव प्रतिस्पर्ध्याला मैदानाबाहेर काढू शकला नाही, हा प्रश्न तिथे एकाच गोष्टीची दोन नावे ठरतो. शहराने मात्र त्या वेळी नॉरवुडवर राग धरला नाही. परतलेल्या संघाच्या स्वागताला जमलेल्या हजारोंच्या गर्दीने त्याच्याच नावाचा घोष केला.

2022 च्या पराभवाने मात्र नियम बदलला. जादा वेळेत पहिल्याच चढाईत टचडाऊन झाला की सामना संपण्याच्या तरतुदीवर तक्रार जुनी होती, आणि गंमत म्हणजे 2019 च्या जानेवारीत न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून तशाच रीतीने हरल्यावर बदलाचा प्रस्ताव कॅन्सस सिटीनेच मांडला होता. मार्च 2022 मध्ये संघमालकांनी 29 विरुद्ध 3 मतांनी बाद फेरीत दोन्ही संघांना एकेक चढाईची हमी दिली. त्या नियमाखालचा जादा वेळेचा पहिला सामना 11 फेब्रुवारी 2024 रोजी लास व्हेगासच्या सुपर बोलमध्ये झाला. सॅन फ्रान्सिस्को 49र्सनी नाणेफेक जिंकून आधी चेंडू घेतला आणि फक्त तीन गुण मिळवले. माहोम्सने त्यानंतर 75 यार्ड पार करून, जादा वेळेच्या सत्राचे तीन सेकंद उरले असताना, 25-22 असा सामना जिंकला. सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंनी नवा नियम आपल्याला ठाऊक नव्हता असे नंतर सांगितले, तरी त्या शहरातला वाद आक्रमणाने तीनच गुण का मिळवले आणि बचावाने 75 यार्ड का दिले याभोवतीच फिरत राहिला; आधी चेंडू घेण्याचा निर्णय मुख्य प्रशिक्षक काइल शानाहान यांचा होता.