पंप जरा पुढं घ्या, मिस्त्री

कराडच्या आमच्या पंप रूममध्ये चाळीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागणार नाही. "मिस्त्री, पंप जरा पुढं घ्या की." बोलणारा कधी पाटणचा, कधी चिपळूणचा, कधी पार हुबळीचा. तक्रार एकच, गाडी घाटात दम टाकते. आणि इलाज त्यानंच ठरवून आणलेला, दवाखान्यात शिरता शिरता सुई मागणाऱ्या पेशंटसारखा.

मी उस्तादांच्या हाताखाली लागलो तो १९८३ साली. पहिली दोन वर्षं नुसतं धुणं. पंपाचे भाग डिझेलमध्ये धुवायचे, पुसायचे मात्र नाहीत, कारण फडक्याचा एक धागा आत गेला तरी एलिमेंट, म्हणजे प्लंजर-बॅरलची जोडी, धरतो. पंप पुढं घेणं म्हणजे काय, हे तिसऱ्या वर्षी कळलं. ते चुकलं की काय होतं, हे आठव्या वर्षी.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवाच इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि त्या हवेत डिझेलचा फवारा सोडायचा. पण फवारा सुटला की लगेच पेटत नाही. डिझेलच्या थेंबाची वाफ व्हायला, ती हवेत मिसळायला आणि पेट घ्यायला साधारण एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग लागतो. ऐकायला काहीच नाही. पण इंजिन १५०० आरपीएमवर फिरत असेल तर तेवढ्यात क्रँक ९ अंश पुढं गेलेली असते. २८०० ला जवळजवळ १७ अंश. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचायच्या आधीच फवारा सोडावा लागतो. किती अंश आधी, ते म्हणजे टायमिंग, आणि पंप पुढं घेणं म्हणजे फवारा आणखी आधी सोडणं. शेतातल्या पाण्याच्या इंजिनाला, किर्लोस्करच्या ५ अश्वशक्तीच्या एव्ही-१ ला, कंपनीनं हा आकडा २३ अंश ठेवला होता. तिथं टायमिंग बदलायचं तर पंपाखालचे पातळ पत्रे कमीजास्त करायचे, बस्स. ट्रकचं एवढं सोपं नव्हतं.

ट्रकचा पंप म्हणजे आमच्याकडं मायको. रॉबर्ट बॉशच्या जर्मन कारखान्यानं १९२७ साली डिझेलचा इनलाइन पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. १९५१ ला बेंगळुरात मायको कंपनी उभी राहिली. १९५४ मध्ये जमशेदपुरातून टाटा-मर्सिडीज-बेंझचा पहिला ट्रक बाहेर पडला. जर्मनांशी केलेला करार १९६९ ला संपला, बॉनेटवरची तीन टोकांची चांदणी गेली, पण इंजिनाची घडण तीच राहिली आणि तिला लागणारा पंपही. २००८ साली मायकोचं नाव बदलून बॉश झालं. आम्ही अजून मायकोच म्हणतो, नाशिकच्या सातपूरहून आलेल्या नोझललाही.

ज्या गाडीवर मी धंदा शिकलो ती १२१०. नावातच हिशेब आहे: पहिले दोन आकडे टनांचे, पुढचे दोन अश्वशक्तीचे, दहाच्या पटीत. बारा टनाची, शंभराच्या आसपास ताकदीची. त्या ताकदीवर तिनं किती माल ओढावा हे सरकारनं ठरवलेलं होतं. तो किती ओढायचा, हे मालक ठरवायचा.

आता प्रत्यक्ष काम सांगतो, कारण हे हातानं करणारी माणसं कमी होत चालली आहेत. इनलाइन पंपात सहा एलिमेंट एका ओळीत असतात, सहा सिलिंडरना सहा. आधी बेंचवर पंपाचं फेजिंग बघायचं. एकामागून दुसरं एलिमेंट बरोबर ६० अंशांवर उचललं पाहिजे, फरक चालतो तो फार तर अर्ध्या अंशाचा. मग काचेच्या सहा नळ्यांत प्रत्येकाचं डिझेल मोजायचं. एवढं जुळलं की पंप गाडीवर चढतो, आणि इथून खरी गंमत सुरू होते.

पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या टप्प्यावर आणायचा. क्रँक दोनदा फिरते तेव्हा पंपाचा शाफ्ट एकदा फिरतो, त्यामुळं माथा दोनदा येतो, एकदा खरा आणि एकदा खोटा. खरा ओळखायचा तर सहाव्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बघायचे. एक मिटत असताना दुसरा उघडायला लागला, दोन्ही जागेवर डुलले, की पहिला खऱ्या माथ्यावर. नवा पोरगा हमखास खोट्या माथ्यावर पंप बसवतो, आणि मग सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, सायलेन्सरमधून पांढरा धूर तेवढा निघतो.

पुढं पहिल्या एलिमेंटचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथं वाकडी नळी लावायची. आमच्यात तिला गूसनेक म्हणतात. रॅक पूर्ण उघडा ठेवायचा, हँड प्रायमर मारायचा, नळीतून डिझेलची धार पडायला लागते. आता एकानं फ्लायव्हील टॉमीनं हळूहळू फिरवायचं, नेहमीच्या दिशेनंच. धार बारीक होते, मग तुटते, मग थेंब. एक थेंब, थोडं थांबून दुसरा. तिथं थांबायचं. त्या क्षणी प्लंजरनं भोक मिटलेलं असतं आणि दाब चढायला सुरुवात होते. फ्लायव्हीलवरची खूण काट्यासमोर आली असेल तर काम झालं. खूण ओलांडून गेलं तर तसंच मागं आणायचं नाही. पाव फेरा मागं जाऊन पुन्हा सरळ यायचं, नाहीतर गिअरच्या दातांतला ढिलेपणा तुम्हाला खोटं सांगतो. उस्ताद थेंब बघत नसत. डोळे मिटून पत्र्याच्या डब्यात पडणारा आवाज ऐकायचे.

खूण चुकली तर पंपाच्या फ्लँजचे बोल्ट सैल करायचे. बोल्टांची भोकं लांबट असतात. शाफ्ट ज्या दिशेनं फिरतो त्याच्या उलट पंपाचं अंग सरकवलं की टायमिंग पुढं, त्याच दिशेनं सरकवलं की मागं. पंपावरचा एक अंश म्हणजे क्रँकवरचे दोन, त्यामुळं केसभर सरकवलं तरी खूप होतं. आणि हीच ती जागा, जिथं ड्रायव्हर म्हणायचा, "जरा पुढं घ्या की."

पुढं घेतलं की गाडी खरंच बदलते. आवाज कोरडा, टणटणीत होतो. काळा धूर कमी होतो. सपाटीला पिकअप येतो. ड्रायव्हर खूश, चहा मागवतो. म्हणून तर ही सवय पडली.

१९९१ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. चिपळूणहून चिरे वर आणणारे एक आबा होते, गाडी स्वतःची, १२१०. "मिस्त्री, पोफळी सोडली की गाडी वढतच न्हाय. मागची बैलगाडी हॉर्न मारती बघा." उस्ताद त्या दिवशी गावाला गेलेले. मी एकटाच, आणि हात शिवशिवत होते. पंप चांगला चार अंश पुढं घेतला. मलकापूरपर्यंत चक्कर मारून आलो तर इंजिन गाऊ लागलेलं. आबांनी माझ्या खिशात जास्तीचे वीस रुपये कोंबले.

नवव्या दिवशी गाडी टोचन लावून परत आली. कुंभार्ली घाटात निम्म्या चढावर पाणी उकळलं, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये हेड गॅस्केट उडालं. ऑइल काढलं तर ताकासारखं पांढरं. उस्ताद मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी सहा नोझल काढले आणि एकेक करून टेस्टरवर लावले. २०० बारला उघडायला हवे होते, त्यातले तीन १५० च्याही खाली उघडत होते. उस्तादांच्या शब्दांत, फवारत नव्हते, मुतत होते.

त्यातली खोच मला त्या दिवशी पहिल्यांदा समजली. स्प्रिंग दमलेलं नोझल कमी दाबाला उघडतं, म्हणजे डिझेल मुळातच वेळेआधी आत शिरत होतं, तेही जाड थेंबांनी. गाडी ओढत नव्हती ती त्यामुळं. मी जे आधीच लवकर होतं ते आणखी लवकर केलं. आबांच्या हेडचं काम मी माझ्या पगारातून चार महिने फेडलं. ते वीस रुपये तेवढे आबांनी परत मागितले नाहीत.

त्यानंतर मी हिशेब ठेवायला लागलो. पंप पुढं घ्या म्हणून आलेल्या गाडीत खरा दोष काय निघतो, ते एका वहीत लिहायचो. टायमिंग सरकलेलं क्वचितच निघालं. नोझल, फिल्टर, हवेच्या जाळीतली धूळ, नाहीतर झिजलेले एलिमेंट. या झिजेचा एक फसवा प्रकार आहे. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट मिलीमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. ती वाढली की कमी वेगाला डिझेल मागून गळतं, दाब उशिरा चढतो, टायमिंग आपोआप मागं पडतं. मिस्त्री पंप पुढं घेतो आणि घाटात बरं वाटतं. पण वेग वाढला की गळायला वेळच मिळत नाही, आणि मग तेच टायमिंग हद्दीबाहेर पुढं जातं.

एलिमेंट एवढे का झिजायचे, तर डिझेलमध्ये मिसळलेलं रॉकेल. रेशनचं निळं रॉकेल स्वस्त, डिझेल महाग. मधली कमाई कुणाच्या तरी खिशात. रॉकेल पातळ, त्यात वंगण कमी. प्लंजरवर उभ्या चिरा दिसल्या की आम्हाला कळायचं, गाडीनं कुठल्या रस्त्यावर तेल भरलंय. २०११ च्या जानेवारीत मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळवाल्यांनी जिवंत जाळलं तेव्हा देश हादरला. पंप रूमवाल्यांना त्या धंद्याचा आकार आधीपासून ठाऊक होता, आमच्या टेबलावर रोज पडत होता तो.

नव्वदीनंतर गिऱ्हाईकाची भाषा बदलली. "गाडी नवी हाय, पण जुनीगत वढत न्हाय." त्यांचं चुकत नव्हतं. १९९२ ला डिझेल गाड्यांच्या धुराचे पहिले नियम आले, १९९६ ला कडक झाले, २००० ला आणखी. नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करायची तर जळणाचं तापमान उतरवायचं, आणि त्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे टायमिंग मागं घेणं. कंपन्यांनी ते घेतलं, आणि ओढ भरून काढायला फवाऱ्याचा दाब वाढवला, टर्बो बसवला. आमच्यासारख्यांनी बाहेर ते पुन्हा पुढं घेतलं. गंमत अशी की पीयूसीवाला त्या काळच्या डिझेल गाडीचा नुसता काळेपणा मोजतो, ६५ एचएसयूच्या आत की बाहेर एवढंच. टायमिंग पुढं घेतलेली गाडी काळा धूर कमी टाकते, म्हणजे पासच होते. न दिसणारा वायू मोजायला तिथं यंत्रच नाही. हे मी केलंय, त्यामुळं दुसऱ्या कुणाला नावं ठेवत नाही.

याच काळात आणखी एक बदल झाला, तो मात्र आमच्यापैकी फारसा कुणी लक्षात घेतला नाही. डिझेलच बदललं. पेट घेण्याचा गुण सिटेनमध्ये मोजतात. आपल्याकडं तो किमान ४५ असायचा, मग ४८ झाला, भारत स्टेज-३, म्हणजे बीएस-३ च्या डिझेलला ५१. सिटेन जास्त म्हणजे डिझेल लवकर पेटणार. फ्लायव्हीलवरची खूण मात्र जुन्या डिझेलच्या काळात कोरलेली. म्हणजे पंपाला हात न लावताही जुन्या गाडीचं जळण थोडं पुढंच सरकलं होतं. फरक मोठा नाही, पण दिशा बघा. त्यात आम्ही आणखी पुढं घेत होतो.

अमेरिकेतल्या माझ्या भाच्यानं मध्यंतरी एका जुन्या डॉज रॅमचे फोटो पाठवले. त्यात ५.९ लिटरचं कमिन्स, आणि १९९४ ते ९८ च्या गाड्यांवर बॉशचा पी-७१०० इनलाइन पंप. बघून हसू आलं, कारण त्याच बी मालिकेची इंजिनं १९९३ साली स्थापन झालेल्या टाटा-कमिन्सनं आपल्या ट्रकला दिली, आणि त्यांचे पंप मी ढिगानं उघडलेत. तिकडची हौशी मंडळी पंपाच्या गिअरचा नट सोडून, पुलरनं गिअर मोकळा करून टायमिंग १६, १८ अंशांपर्यंत नेतात. त्यांचं जमतं, कारण त्यांचे रस्ते लांब, सरळ, आणि इंजिन वरच्या वेगात पळतं. वर सांगितलेला मिलिसेकंदाचा हिशेब इथं उपयोगी पडतो. वेग जास्त असेल तर तेवढे अंश लागतात. आपला ट्रक घाटात पूर्ण भारानं १२०० आरपीएमला रडत चढतो, तेव्हा एका मिलिसेकंदात क्रँक जेमतेम ७ अंश फिरते. तिथं जास्तीचे चार अंश म्हणजे पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यात हातोडा.

पुढचं लवकर झालं. २०१७ च्या मार्चअखेर सर्वोच्च न्यायालयानं बीएस-३ गाड्यांची विक्री थांबवली. बऱ्याच ट्रकवर कॉमन रेल आलं. अशोक लेलँडनं आयईजीआर नावाचं तंत्र काढून इनलाइन पंप बीएस-४ पर्यंत ओढला, त्याचं मला आजही कौतुक वाटतं. २०२० च्या एप्रिलला बीएस-६ लागू झालं. आता टायमिंग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो, एका टप्प्यात दोन-तीनदा फवारतो, आणि फ्लँजला लांबट भोकंच नसतात. आमच्या बेंचवर येतात ते ट्रॅक्टर, जनरेटर, बोअरवेलच्या गाड्या आणि अधूनमधून एखादी जुनी १२१० किंवा १६१२.

तुमच्याकडं अशी एखादी अजून चालू असेल आणि ती घाटात दम टाकत असेल, तर आधी डिझेल फिल्टर आणि हवेची जाळी बघा, मग सहाही नोझल काढून टेस्टरवर लावा. त्यानंतरही ओढ आली नाही तर एलिमेंट तपासायला पंप बेंचवर द्या. फ्लँजचे बोल्ट सगळ्यात शेवटी. आणि ते सैल करायच्या आधी पंप आणि इंजिन दोन्हींवर छिन्नीनं एक सरळ रेघ मारून ठेवा, म्हणजे पंप होता तिथं परत आणता येईल.