पालकांनी विचारावे तरी कोणाला?

घर बांधायचे तर गवंड्याला विचारावे, म्हैस आजारी पडली तर जनावरांच्या डॉक्टरला बोलवावे, एवढे शहाणपण आपल्या कुरुंदवाडात सर्वांपाशी आहे. मूल कसे वाढवावे हे मात्र कोणाला विचारणे पुष्कळांना कमीपणाचे वाटते. बाई आई झाली की तिला सारे आपोआप समजते, हा समज आपण पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. माझ्या मते तो साफ खोटा आहे.

पूर्वी हा प्रश्न फारसा जाणवत नसे, कारण घरात आज्जी असे, थोरली जाऊ असे. बाळ भुकेने रडते की पोट दुखते म्हणून, हे आज्जी ओसरीवरूनच ओळखी. पण हीच आज्जी पहिले चिकाचे दूध पिळून टाकायला सांगे आणि बाळाला मध चाटवी. वस्तुतः ते चिकाचे दूध म्हणजे बाळाला रोगांपासून मिळणारे पहिले संरक्षण; जन्मानंतर तासाभरात पाजावे आणि पुढे सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, असे आजचे वैद्यक सांगते. वर्षाच्या आतील बाळाला मधातून क्वचित, पण गंभीर विषबाधा होऊ शकते. तेव्हा आज्जीचा हात हवा, तिचे प्रत्येक म्हणणे नको. हे घरात तोंडावर बोलायचे कोणी? बाळंतिणीने तर नाहीच!

अशा वेळी बाहेरचे, पण परके नव्हे, असे माणूस लागते. आपल्या गल्लीतली अंगणवाडी आपण खाऊची जागा समजतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूरक आहार, लसीकरण, तपासणी यांच्या जोडीने स्त्रियांना आरोग्य व आहाराचे शिक्षण देणे हेही सेविकेचे काम ठरविले आहे. मी आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत काही दुपारी जाऊन बसलो. जुलाब लागलेल्या पोराचे पाणी बंद केलेल्या एका आईला सेविकाताई सांगत होत्या, “अगं, पाणीच तर द्यायचं!” एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पंचगंगा-कृष्णेच्या पुराने २०१९ आणि २०२१ साली वेढलेल्या आपल्या गावाने हे प्रमाण पाठच करून ठेवावे. तिथे बाप मात्र मला एकही दिसला नाही.

‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी कचेरीत जन्मलेला नाही. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे काम करून महाराष्ट्रात आल्या. ‘शिक्षणपत्रिका’ मासिकातून त्या पालकांशीही बोलत. मुलाला मारू नये, धाक दाखवू नये, हे त्या काळी सांगणे धाडसाचे होते. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र काढले. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणातच ‘कुरणशाळा’ भरविली. पालक आपल्याकडे येत नसेल तर दोष पालकाचा नव्हे, हे त्यांनी गृहीत धरले होते. मला यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

वाचणाऱ्या पालकांची सोय त्या मानाने बरी झाली. १९८५ साली लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले; १९८७ साली पुण्यात ‘पालकनीती’ मासिक निघाले. असो.

पण कारखान्यांची धुराडी पेटली की आपल्या शिरोळ तालुक्यात बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. आई पहाटे फडात आणि तान्हे कोपीत, आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या काखेत. आज्जी गावाकडे राहिलेली, अंगणवाडीतले नावही गावाकडच्याच वहीत. लस दुसऱ्या गावच्या आरोग्य केंद्रातही मिळते, हे अनेकांना ठाऊक नसते. कार्ड जवळ असले की पुढचा डोस कोणता तेही कळते. येत्या हंगामात आम्ही वर्गातले काहीजण रविवारी कोप्यांवर जाऊन ही कार्डे पाहणार आहोत आणि नावे सेविकाताईंकडे पोचविणार आहोत. प्राध्यापकांपैकी कोणी बरोबर आले तर टोळीचा मुकादम लवकर ऐकेल, असे ताईंचे म्हणणे आहे.