शब्द साहेबाचे, साखर आपली



गळीत हंगाम सुरू झाला की शुगर, टन, ब्रिक्स, रिकव्हरी हे शब्द बांधावर आणि काट्यावर सारखे कानी पडतात. साहेबाची भाषा म्हणून आपण ते सोडून देतो. पण ह्या शब्दांचं कूळ पाहिलं तर नवल वाटेल.

‘शुगर’ मूळची आपलीच. संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे बारीक खडे, वाळू. प्राकृतात तिची ‘सक्करा’ झाली. अक्कलकोटकडची कानडी माणसं आजही ‘सक्करे’च म्हणतात. पुढे फारशीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, फ्रेंचमध्ये ‘सुक्र’ आणि इंग्रजीत ‘शुगर’. माल गेला तसा शब्दही गेला. ‘खंड’ म्हणजे तुकडा. तोच इराण-अरबस्तान फिरून ‘कँडी’ झाला. गुळाला साहेब ‘जॅगरी’ म्हणतो, तीही शर्कराच, पोर्तुगीजांनी दक्षिणेतून उचललेली.

बाकीचे शब्द मात्र परके. ‘टन’ म्हणजे मूळ दारूचं मोठं पिंप. मळीला ‘मोलॅसिस’ म्हणतात, ते लॅटिनमधल्या मधाच्या शब्दावरून. ‘ब्रिक्स’ हे तर १९ व्या शतकातल्या अडॉल्फ ब्रिक्स ह्या जर्मन तज्ज्ञाचं आडनाव. रसात विरघळलेले पदार्थ शेकडा किती, ते ब्रिक्स सांगतो. त्यात साखरेखेरीज क्षारही येतात, म्हणून नुसत्या ब्रिक्सवर भागत नाही.

खरा कामाचा शब्द ‘रिकव्हरी’, म्हणजे साखर उतारा. मूळ अर्थ ‘परत मिळवणे’. शब्द अगदी नेमका आहे. साखर कारखान्यात तयार होत नाही. ती शेतात, उसाच्या पानांत तयार होऊन कांड्यांत साठते. कारखाना ती फक्त बाहेर काढतो. १०० किलो उसातून ११ किलो साखर निघाली तर रिकव्हरी ११ टक्के. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफ. आर. पी. ठरली आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. म्हणजे उतारा एका टक्क्याने वाढला तर टनामागे ३४६ रुपये!

हा उतारा एकट्याच्या फडाचा नव्हे, साऱ्या कारखान्याचा धरतात. एकाने कोवळा, शिळा किंवा पाचटासकट ऊस धाडला तर फटका सगळ्यांनाच. तोडून पडलेल्या उसातली साखर उन्हात घटत जाते. तेव्हा सभासदाने पक्व ऊस आणि स्वच्छ तोड सांभाळावी, कारखान्याने गाडी ताटकळू न देता गाळप करावं. मग आपण शेतात पिकवलेली साखर बिलात परत मिळेल.