अकरा किलोंची पेटी आणि एक घोषणा

माणसाचे नाव कशाकशाला मिळते पाहा. रस्त्याला मिळते, शाळेला मिळते, साबणालाही मिळते. पण एखाद्याचे नाव एका चुकीला मिळावे, आणि माणूस गेल्यावरही ती चूक त्याच्याच नावाने ओळखली जावी, असे क्वचित घडते. अ‍ॅडम ऑस्बर्न यांच्या बाबतीत ते घडले. व्यापाराच्या जगात आजही ‘ऑस्बर्न इफेक्ट’ असा शब्द वापरतात. अर्थ सोपा आहे. हातातला माल खपायच्या आत पुढच्या, अधिक चांगल्या मालाची दवंडी पिटली, की गिऱ्हाईक थांबते आणि हातातला माल पडून राहतो. पायरीची पेटी घ्यायला आलेल्या माणसाला आंबेवाल्याने सांगावे, ‘परवा देवगडचा हापूस येतोय.’ तो माणूस पायरी कशाला नेईल? आणि पायरी काही परवापर्यंत थांबत नाही, ती नासते. संगणकही, खरे सांगायचे तर, आंब्याच्याच जातीचा माल आहे. गोदामात चार महिने राहिला की त्याची किंमत उतरते.

मी बी.ए. झालेला माणूस. यंत्राच्या पोटातले मला फारसे कळत नाही. माझा संगणकाशी संबंध कविता टाइप करून घेण्यापुरता. पण नुसत्या बोलण्याने एक कंपनी बुडाली, असे कोणी म्हणाले की माझे कान टवकारतात, कारण शब्दाने काय होते आणि काय होत नाही, हा आमचा रोजचा प्रश्न. म्हणून मी ही गोष्ट थोडी खोलात जाऊन वाचली. तेव्हा कळले की ती सांगतात तेवढी सरळ नाही.

अ‍ॅडमचा जन्म १९३९ साली बँकॉकमध्ये झाला. वडील आर्थर ऑस्बर्न हे इंग्रज, तिथल्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठात शिकवणारे. आई पोलंडची. युद्ध जवळ आले तेव्हा आई मुलांना घेऊन तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैला, रमण महर्षींच्या आश्रमाजवळ येऊन राहिली. वडील मागे राहिले आणि जपान्यांच्या नजरकैदेत सापडले. ते आले युद्ध संपल्यावर. पुढे आर्थर ऑस्बर्न यांनी महर्षींवर पुस्तके लिहिली, आश्रमाचे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. आपल्याकडच्या वाचकांना त्यांचे आणखी एक पुस्तक माहीत असण्याचा संभव आहे. शिर्डीच्या साईबाबांवर, मशिदीत धुनी पेटती ठेवणाऱ्या त्या फकिरावर, त्यांनी १९५७ साली इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. म्हणजे ज्यांच्या मुलाचे नाव पुढे अमेरिकेत विक्रीच्या आकड्यांशी जोडले गेले, ते गृहस्थ शिर्डीच्या फकिराची गोष्ट इंग्रजी वाचकाला सांगत होते.

मुलगा कोडाईकनालच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकला. अकराव्या वर्षी इंग्लंडला गेला. बर्मिंगहॅम विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग केले, मग अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठाची डॉक्टरेट, मग एका मोठ्या तेल कंपनीत नोकरी. नोकरीत मन रमले नाही. त्या सुमारास बोटाच्या पेराएवढी मायक्रोप्रोसेसरची चिप बाजारात येत होती, पण ती वापरायची कशी हे सोप्या भाषेत सांगणारे कोणी नव्हते. ऑस्बर्न यांनी ते सांगितले. पुस्तके लिहिली, स्वतः छापली, कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींच्या बैठकांना पुस्तकांचे खोके घेऊन जाऊन विकली. हा प्रकाशनाचा धंदा त्यांनी १९७९ साली मॅक्‌ग्रॉ-हिल या मोठ्या प्रकाशनसंस्थेला विकला. ते सदरलेखनही करीत, आणि लेखणी तिखट होती. अजून न बनलेल्या यंत्रांचे पैसे गिऱ्हाइकांकडून आगाऊ घेणाऱ्या कंपन्यांना ते सदरातून झोडपून काढीत. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्यांच्या यंत्रांना नावे ठेवता ठेवता त्यांनी स्वतःच यंत्र काढायचे ठरवले. आराखडा केला ली फेल्सनस्टाइन या अभियंत्याने. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संगणक जत्रेत ‘ऑस्बर्न वन’ लोकांपुढे आला. किंमत १,७९५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण पंधरा-सोळा हजार रुपये. दिसायला पेटीतल्या शिलाई मशीनसारखा. झाकण उघडले की झाकणाचाच कीबोर्ड होई. वजन जवळजवळ अकरा किलो. हे धूड हातात धरून चालायचे आणि विमानात सीटखाली सरकवायचे, अशी कल्पना. आज लॅपटॉप पाठीवर टाकून लोकलमध्ये चढणाऱ्या मुलांना हसू येईल. पण त्याआधी संगणक म्हणजे टेबलावर ठाण मांडून बसलेली वस्तू होती. घर ते ऑफिस नेता येईल असे, दुकानात मोठ्या संख्येने विकले गेलेले पहिले यंत्र हेच.

पडदा मात्र पाच इंचांचा, पोस्टकार्डापेक्षाही लहान. एका ओळीत ५२ अक्षरे मावत. तेव्हा टाइप केलेल्या कागदाची ओळ ८० अक्षरांची असे. त्यामुळे उरलेली अक्षरे पाहायला पडद्यावरचा मजकूर डावी-उजवीकडे सरकवावा लागे. ऑस्बर्न यांना त्याचे फारसे वाटत नसे. पुरेसे असले म्हणजे पुरे, असे त्यांचे तत्त्वज्ञान होते. या धंद्यात ट्रक जाईल एवढे भगदाड मला दिसले आणि मी ते बुजवले, असेही ते म्हणत.

ते भगदाड कोणते, हे समजून घेण्यासारखे आहे. तोवर संगणक घेणाऱ्याला यंत्र एकाकडून, फ्लॉपीचा खण दुसऱ्याकडून, आज्ञावली तिसऱ्याकडून घ्यावी लागे, आणि सगळे एकमेकांशी जुळेल याची हमी कोणाची नाही. ऑस्बर्न यांनी एकाच किमतीत दोन फ्लॉपीचे खण, लिहिण्यासाठी वर्डस्टार, हिशेबासाठी सुपरकॅल्क आणि बेसिक भाषा असे सगळे घालून दिले. हे सॉफ्टवेअर सुटे घेतले असते तर त्यालाच सुमारे पंधराशे डॉलर पडले असते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्यांना वर्डस्टार आठवत असेल. आज कोणत्याही नव्या यंत्रात निम्म्या गोष्टी आधीच भरलेल्या मिळतात, त्या रिवाजाला रूढ करण्यात या अकरा किलोंच्या पेटीचा मोठा वाटा आहे. माझ्या मते ऑस्बर्न यांचे नाव या गोष्टीला मिळायला हवे होते.

लोकांनी यंत्र उचलून धरले. भरात असताना महिन्याला दहा हजार यंत्रे खपत. हेवर्ड नावाच्या गावातली कंपनी बघता बघता फुगली. आणि सप्टेंबर १९८३ मध्ये, म्हणजे जत्रेतल्या त्या दिवसानंतर अडीच वर्षांच्या आत, तिने दिवाळे जाहीर केले.

मधे काय झाले? सर्वपरिचित उत्तर असे. १९८३ च्या सुरुवातीलाच ऑस्बर्न यांनी ‘एक्झिक्युटिव्ह’ या पुढच्या यंत्राबद्दल सांगायला सुरुवात केली. मोठा सात इंचांचा पडदा, ८० अक्षरांची ओळ. ते ऐकून विक्रेत्यांनी जुन्या यंत्राच्या ऑर्डरी थांबवल्या. नवे यंत्र पुरेशा संख्येने आलेले नाही, जुने कोणी घेत नाही, आणि कामगारांचा पगार दर महिन्याला द्यायचाच. पैसा आटला, कंपनी गेली. आगाऊ बोलणाऱ्या कंपन्यांवर टीका करणारा माणूस आगाऊ बोलण्यानेच बुडाला. गोष्ट इतकी नेटकी बसते की ती कोणी तपासायच्या भानगडीत पडले नाही.

आगाऊ बोलण्याने काय होते, याचा मलाही थोडा अनुभव आहे. एका कविसंमेलनात माझा पहिला संग्रह टेबलावर विकायला मांडला होता. मी व्यासपीठावरून उत्साहाने सांगून बसलो की दुसरा संग्रह दिवाळीत येतोय आणि यातल्या बऱ्याच कविता त्यात सुधारून घेतल्या आहेत. संध्याकाळी टेबलावर पुस्तके होती तेवढीच. प्रकाशक काही बोलले नाहीत, फक्त गठ्ठा बांधताना त्यांनी सुतळी जरा जोरात ओढली. तेव्हा अशा बोलण्याचा परिणाम होत नाही, असे मी म्हणणार नाही. पण तेवढ्याने कंपनी बुडते का?

आता दुसरी बाजू. ऑस्बर्न यांनी तोंड उघडण्याच्या आधीच बाजार बदलला होता. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्याच केप्रो या कंपनीने तसलेच पेटीवजा यंत्र काढले. पडदा नऊ इंचांचा, ओळ ८० अक्षरांची, किंमत १,५९५ डॉलर. गिऱ्हाइकाला ऑस्बर्नच्या नव्या यंत्राची वाट पाहायचे कारणच नव्हते. अधिक चांगले यंत्र कमी पैशात शेजारच्या दुकानात ठेवलेले होते. आणि ऑस्बर्नचे ‘एक्झिक्युटिव्ह’ दोन हजार डॉलरच्या पुढचे. दुसरीकडे आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला होता, आणि कार्यालये त्याच्याच मागे चालली होती. १९८३ साली आयबीएमचे सॉफ्टवेअर चालवणारे, उचलून नेता येणारे कॉम्पॅकचे यंत्रही बाजारात आले. ऑस्बर्नच्या यंत्रावर ते सॉफ्टवेअर चालत नव्हते.

आणि तिसरी गोष्ट घरातली, हिशेबाची. वेगाने वाढणाऱ्या कंपनीला पैसा कमी नाही, जास्त लागतो. सुटे भाग उधारीवर येतात, यंत्र बनते, विक्रेत्याकडे जाते, त्याच्याकडून पैसे येतात तोवर पुढच्या महिन्याच्या दुप्पट भागांचे बिल दारात उभे असते. अशा वेळी वहीत रोजच्या रोज खरे आकडे उतरले नाहीत, तर मालकाला आपण कमावतो की गमावतो हेच कळत नाही. ऑस्बर्न कंपनी शेअरबाजारात उतरायच्या तयारीत होती, तेव्हाच नफ्याच्या जागी तोटा निघाला आणि शेअरविक्री बारगळली. तिजोरीत भर पडायची ती वेळ हुकली.

२००५ साली ऑस्बर्न यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या एका माणसाने एका ब्रिटिश संगणक-पत्राला आणखी एक हकिगत सांगितली. जुन्या यंत्राचे तयार सर्किट बोर्ड गोदामात सापडले. किंमत दीड लाख डॉलर. ते फुकट कसे घालवायचे, म्हणून कोणा वरिष्ठाने त्यांची पुरी यंत्रे बनवायचे ठरवले. त्यासाठी पडदे, फ्लॉपीचे खण, बाहेरची खोकी नव्याने घ्यावी लागली. खर्च वीस लाख डॉलर. तेही अशा यंत्रासाठी, ज्याचे दिवस भरले होते. तंतोतंत असेच घडले का, याची ग्वाही मी देऊ शकत नाही, पण आपल्या आसपासच्या कितीतरी कारखान्यांची गोष्ट यात ओळखू येते. उरलेल्या चार बटणांसाठी नवा कोट शिवणे.

मग दोष घोषणेवरच का आला? मला वाटते, ती सांगायला सोपी आहे. उधारी, गोदाम, शेजारचा स्वस्त दुकानदार यांची गोष्ट सांगायला अर्धा तास लागतो. ‘फार बोलला आणि बुडाला’ हे चार शब्दांत होते, आणि ऐकणाऱ्यालाही बरे वाटते. हे नाव नंतर इतरांनाही चिकटत गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने आपली जुनी सिम्बियन प्रणाली सोडून विंडोज फोन आणायचे जाहीर केले आणि पहिला फोन यायला वर्ष संपत आले, तेव्हा जाणकारांनी लगेच ऑस्बर्नचे नाव काढले.

ऑस्बर्न स्वतः थांबले नाहीत. पडझडीची हकिगत त्यांनी पुस्तकरूपाने लिहिली आणि १९८४ साली ‘पेपरबॅक सॉफ्टवेअर’ ही कंपनी काढली. कागदी बांधणीच्या पुस्तकासारखे स्वस्त सॉफ्टवेअर विकायचे, ही कल्पना. लोटस कंपनीचे ‘वन-टू-थ्री’ हे हिशेबाचे सॉफ्टवेअर तेव्हा ४९५ डॉलरला मिळे. त्याच्यासारखेच चालणारे सॉफ्टवेअर ऑस्बर्न शंभर डॉलरच्या आत देऊ लागले. लोटसने १९८७ साली दावा लावला. १९९० मध्ये निकाल ऑस्बर्न यांच्या कंपनीविरुद्ध गेला आणि ती सावरली नाही. पुढे तशाच वादात बोर्लंड ही दुसरी कंपनी १९९५ साली लोटसविरुद्ध अपिलात जिंकली. तोवर ऑस्बर्न यांना त्याचा उपयोग नव्हता.

त्यांना मेंदूचा आजार जडला होता. छोटे छोटे झटके येत. १९९२ मध्ये ते भारतात परतले आणि कोडाईकनालला बहिणीकडे राहू लागले. त्याच गावातल्या शाळेत त्यांचे लहानपण गेले होते. १८ मार्च २००३ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, तिथेच झोपेत त्यांचा मृत्यू झाला.